अपुऱ्या मजकुराची जागा

कोड रिव्ह्यूच्या, म्हणजे एकमेकांचा कोड तपासण्याच्या, वेळी एका नव्या सहकाऱ्याने विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून बरेच दिवस जाईना. त्याच्या जावा भाषेतल्या कोडमध्ये एक लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग, होता. लूपच्या प्रत्येक फेरीत एका स्ट्रिंगला, म्हणजे मेमरीत ठेवलेल्या मजकुराला, अधिक चिन्हाने पुढची ओळ जोडली जात होती. मी शेजारी शेरा लिहिला, ‘इथे स्ट्रिंगबिल्डर वापर.’ हा मजकूर जमवण्यासाठीचा, बदलता येणारा बफर, म्हणजे तात्पुरती साठवणजागा. त्याने लगेच बदल केला, चाचणी पुन्हा चालवली, दोन्ही वेळांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाला, “बिल्डर इतका चांगला आहे, तर स्ट्रिंग ठेवलीच कशाला? सगळीकडे बिल्डरच वापरू या की.” स्ट्रिंग एकदा झाली की बदलत नाही, म्हणून ती अनेक थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांमध्ये, निर्धास्त वापरता येते, असं मी सांगितलं. त्याने मान डोलावली आणि पुढच्या फाइलकडे वळला. उत्तर बरोबर होतं. पण प्रश्न त्या उत्तरात मावत नव्हता. एकाच मजकुरासाठी दोन वेगळे क्लास, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र ठेवणारे साचे, का असावेत, हे तो विचारत होता, आणि ते विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क होता. आम्ही सगळे रोज हे दोन्ही क्लास वापरतो आणि ते दोन आहेत याचं नवल वाटणं कधीच सोडून दिलंय.

त्याच्या लूपचं गणित कागदावर मांडलं की आकडा अंगावर येतो. समजा, ८० अक्षरांच्या १०,००० ओळी जोडायच्या आहेत. स्ट्रिंग बदलता येत नसल्यामुळे प्रत्येक फेरीत आधीचा सगळा मजकूर नव्या जागी उतरवावा लागतो आणि त्याच्या शेवटी नवी ओळ लागते. पहिल्या फेरीत ८० अक्षरं, दुसऱ्या फेरीत १६०, तिसऱ्या फेरीत २४०, आणि शेवटच्या फेरीत ८ लाख. एकूण बेरीज ४०० कोटींच्या वर जाते. हाती येणारा मजकूर मात्र ८ लाख अक्षरांचाच. हे काम चालू असताना लॅपटॉपचा पंखा हळूहळू वर चढत जातो, आणि प्रोफायलरमध्ये, म्हणजे कशाला किती वेळ लागला ते दाखवणाऱ्या साधनात, पाहावं तर आपण लिहिलेल्या मेथडची (क्लासमधल्या एका कामाची) जेमतेम एक रेघ दिसते. तिच्या डोक्यावर, जवळजवळ पडदाभर, नुसत्या कॉपीची रुंद पट्टी पसरलेली असते. एकाच ओळीत चार तुकडे अधिक चिन्हाने जोडले तर त्याची काळजी कोड यंत्राला चालेल अशा रूपात आणणारा कंपायलर घेतो. जावा ८ पर्यंत तो पडद्यामागे स्वतःच बिल्डर तयार करायचा, आणि २०१७ मधल्या जावा ९ पासून हे काम त्याने रनटाइमवर, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेवर, सोपवलं. लूपमध्ये मात्र त्याची हुशारी फेरीपुरतीच असते. आधीच्या फेरीत काय जोडलं होतं हे त्याला उमगत नाही आणि प्रत्येक फेरी पहिल्यापासून सुरू होते.

बिल्डर आतून कसा वाढतो ते डीबगरमध्ये, म्हणजे चालता प्रोग्रॅम थांबवून आत डोकावू देणाऱ्या साधनात, एक एक पाऊल टाकत पाहण्यासारखं आहे. मला ते आजही पाहावंसं वाटतं. नवा रिकामा बिल्डर घेतला की त्याच्याकडे १६ अक्षरांची जागा असते आणि लांबी शून्य. सोळावं अक्षर जाईपर्यंत आतला ॲरे, म्हणजे सलग खणांची रांग, तोच राहतो, फक्त मोजणीचा आकडा पुढे सरकतो. सतरावं अक्षर आलं की आतल्या ॲरेची ओळखच बदलते. दुप्पट अधिक दोन, म्हणजे ३४ ची नवी जागा घेतली जाते, जुनं सगळं तिकडे जातं आणि जुना ॲरे टाकून दिला जातो. मग ७०, मग १४२, मग २८६. प्रत्येक वेळी दुप्पट झाल्यामुळे जागा बदलण्याचे प्रसंग विरळ होत जातात. आजवरच्या सगळ्या स्थलांतरांची बेरीज केली तरी ती मजकुराच्या लांबीच्या साधारण दुपटीत राहते. ४०० कोटींची कॉपी १०-१५ लाखांवर येते ती एवढ्यानेच. कुठलीही जादू नाही. पुढे काहीतरी येणार आहे असं धरून रिकामी जागा राखून ठेवायची, एवढाच तो विचार आहे, आणि तो करणाऱ्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रणालीने याच कामासाठी २०१० मध्ये, चौथ्या आवृत्तीत, वेगळी वाट धरली. तिथला बिल्डर जागा संपली की जुना मजकूर हलवत नाही, नवा तुकडा घेऊन आधीच्या तुकड्याला साखळीसारखा जोडतो. शेवटी भर घालत राहणाऱ्याला हे सोयीचं आहे. पण त्या बिल्डरमधलं मधलंच एखादं अक्षर क्रमांकाने मागितलं तर साखळी धरून मागे मागे जावं लागतं, आणि मोठ्या मजकुरात असं वारंवार केलं की फार वेळ जातो. बफर कसा बांधायचा हे त्यात पुढे काय करणार यावर ठरतं. सगळ्यांना सारखाच लाभेल असा बफर मी तरी पाहिलेला नाही.

मग स्ट्रिंग कशाला?

समजा, एखादी मेथड फाइलचा मार्ग घेते, तो मार्ग परवानगी असलेल्या फोल्डरमधलाच आहे ना हे तपासते, आणि मग फाइल उघडते. तपासणी आणि उघडणं यांच्यामध्ये क्षणभराची फट असते. मार्ग जर बदलता येणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये (क्लासच्या साच्यातून घडलेल्या वस्तूत) असेल, तर ज्याने तो आत पाठवला त्याच्याकडे त्याच ऑब्जेक्टचा पत्ता अजून शिल्लक आहे. दुसऱ्या थ्रेडमधून तो त्या फटीत मजकूर बदलू शकतो, आणि तपासला एक मार्ग, उघडला भलताच, असं होतं. म्हणून प्रत्येक मेथडला दारातच स्वतःची प्रत काढावी लागेल. स्ट्रिंगच्या बाबतीत ही प्रत लागत नाही, कारण बदलणं कुणालाच शक्य नाही. त्यातून कुणी पळवाट काढू नये म्हणून जावात स्ट्रिंगचा क्लास फायनल ठेवला आहे. त्याच्यापासून वारसा घेऊन, वरून स्ट्रिंग आणि आतून बदलणारा असा क्लास करता येत नाही. हॅशमॅपमधल्या, म्हणजे किल्ली देऊन माहिती शोधायच्या कोठारातल्या, किल्लीचंही तसंच आहे. स्ट्रिंग आपला हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला शोधायचा आकडा, एकदा काढते आणि स्वतःजवळ ठेवते, तो जन्मभर पुरतो. उलट स्ट्रिंगबिल्डर किल्ली म्हणून वापरला तर त्याच मजकुराचा दुसरा बिल्डर घेऊन शोधायला जा, काहीच सापडणार नाही. बिल्डरला समानतेची मेथड मुद्दामच दिलेली नाही. दोन बिल्डर समान कधी, तर ते एकच असतील तेव्हा. पहिल्यांदा हे कळतं तेव्हा काहीतरी राहून गेलंय असं वाटतं. पण जो मजकूर पुढच्या ओळीत बदलणार आहे त्याच्या आजच्या समानतेवर काही बांधायचं कसं?

व्यवहारात कच्ची वही आणि पक्की वही वेगळी ठेवतात, तसंच हे आहे. कच्च्या वहीत खाडाखोड चालते, समासात आकडे चालतात. पक्क्या वहीवर दुसरे लोक विसंबून असतात. सहकाऱ्याच्या प्रश्नाने मला जे दिसलं ते एवढंच, की अपुऱ्या मजकुराला त्याचा स्वतःचा क्लास आहे आणि पुऱ्या झालेल्या मजकुराला त्याचा. त्या दोघांच्या मध्ये बिल्डरची स्ट्रिंग करून देणारी टू-स्ट्रिंग ही मेथड आहे. तिथे शेवटची एक कॉपी होते, आणि त्या कॉपीचा खर्च मला कधीच जड वाटला नाही. त्या ओळीपर्यंत मजकूर माझा असतो. त्यानंतर तो वाचणाऱ्या प्रत्येकाचा होतो.

म्हणूनच बिल्डर मेथडच्या बाहेर पडलेला मला आवडत नाही. एखाद्या क्लासमध्ये खाजगी बिल्डर असतो, आणि सोय म्हणून कुणीतरी तोच बिल्डर परत देणारी मेथड लिहितो. फील्ड खाजगी आहे, कागदावर एनकॅप्सुलेशन, म्हणजे आतलं आत झाकून ठेवणं, शाबूत आहे. प्रत्यक्षात आता बाहेरचा कुणीही त्या ऑब्जेक्टच्या पोटात लिहू शकतो, मधलाच भाग काढू शकतो, लांबी शून्य करू शकतो. आणि ते कुणी केलं याचा माग काढणं हे अतिशय कंटाळवाणं काम आहे, कारण चूक दिसते एकीकडे आणि झालेली असते दुसरीकडेच, बऱ्याच आधी. माझा आग्रह सरळ आहे. बिल्डर मेथडमध्ये जन्मावा, तिथेच वाढावा, आणि दाराबाहेर जाताना स्ट्रिंग होऊन जावा. मोठा मजकूर अनेक मेथडनी मिळून रचायचा असेल तर बिल्डर आत पाठवावा, पण मग त्या मेथडच्या नावातच ती त्यात लिहिणार आहे हे दिसू द्यावं.

जावाचा जुना स्ट्रिंगबफर मला या संदर्भात नेहमी आठवतो. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीपासून तो आहे, आणि त्याच्या मेथड लॉक घेऊन, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत घेऊन, चालतात. दोन थ्रेडनी एकाच वेळी अपेंड केलं, म्हणजे शेवटी भर घातली, तरी आतला ॲरे मोडत नाही. हेतू चांगलाच होता. पण नाव लिहायचं, मग स्वल्पविराम, मग वय, असं तीन अपेंडचं एक वाक्य असतं, आणि लॉक फक्त एकेका अपेंडपुरतं आहे. दोन थ्रेड एकमेकांच्या मध्ये घुसले की एकाचं नाव आणि दुसऱ्याचं वय शेजारी बसतं. ॲरे धडधाकट असतो आणि मजकूर निरर्थक. सुरक्षितता अक्षरांच्या पातळीवर दिली गेली आणि अर्थ वाक्याच्या पातळीवर होता. २००४ मध्ये जावा ५ बरोबर स्ट्रिंगबिल्डर आला. मेथड जवळपास त्याच होत्या, फक्त लॉक गेलं. मला तो बदल वेगापेक्षा प्रांजळपणासाठी मोलाचा वाटतो. अपुरा मजकूर एका वेळी एकाच्याच हातात असावा, हे त्या क्लासने न बोलता मान्य केलं.

स्ट्रिंगच्या न बदलण्याबद्दल माझ्या मनात निव्वळ प्रेम आहे असंही नाही. पासवर्ड स्ट्रिंगमध्ये ठेवला की काम झाल्यावर तो पुसता येत नाही. वापरात नसलेली मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर जेव्हा येईल तेव्हा येईल, तोवर तो मेमरीत पडून राहतो. म्हणून पासवर्डसाठी कॅरेक्टर ॲरे घ्या, वापरून झाला की त्यावर शून्यं फिरवा, असं सांगितलं जातं. जे बदलत नाही ते विसरताही येत नाही. सबस्ट्रिंगची, म्हणजे स्ट्रिंगमधून काढलेल्या तुकड्याची, गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. जावात २०१२ पर्यंत सबस्ट्रिंग काढली की नवी कॉपी होत नसे. मूळ ॲरेवरच सुरुवातीचा आणि लांबीचा आकडा ठेवून काम भागायचं. स्ट्रिंग बदलणारच नाही, तर आतला ॲरे वाटून घ्यायला हरकत काय? विचार देखणा होता. पण कित्येक मेगाबाइटच्या मजकुरातून दहा अक्षरांचा क्रमांक काढून जपून ठेवला की तो इवलासा तुकडा अख्ख्या ॲरेला धरून ठेवायचा आणि मेमरी रिकामी होत नसे. जावा ७ च्या सहाव्या अपडेटमध्ये सबस्ट्रिंग खरोखर कॉपी करू लागली. त्या दिवसापासून काहींचे प्रोग्रॅम मंदावले आणि काहींचे सावरले. मला दोन्ही बाजू पटतात, आणि आजही ठामपणे एक निवडता येणार नाही.

मजकूर ऑब्जेक्टमध्ये बंद करण्याचं खरं मोल कळायला मात्र सी भाषेकडे पाहावं लागतं. तिथे बफर म्हणजे नुसता पत्ता. जागा किती आहे हे त्या पत्त्याला माहीत नसतं, लक्षात ठेवायचं ते लिहिणाऱ्याने. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म नावाचा प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला. त्याच्या वाटांपैकी एक, वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या फिंगर सेवेतून जात होती. ५१२ बाइटच्या बफरमध्ये त्याने ५३६ बाइट ओतले, आणि वरचे २४ बाइट शेजारच्या मेमरीवर सांडले. ती ओळ वाचणारं गेट्स हे फंक्शन आपल्याला किती जागा आहे हे विचारतच नसे. ते सीच्या मानकातून काढायला २०११ साल उजाडलं. बिल्डर सोळाव्या अक्षरानंतर थांबतो, जागा बघतो, नवी घेतो आणि मगच सतरावं लिहितो. मजकूर, लांबी आणि क्षमता एकाच ऑब्जेक्टच्या आत राहत असल्यामुळे त्याला हे जमतं. ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीबद्दल वाद घालताना वारसा आणि इंटरफेस यांच्यावरच सगळा वेळ जातो. मला तिचं सगळ्यात मोठं देणं या साध्या क्लासमध्ये दिसतं.

टाइप करताना दर कळीमागे हेच सगळं घडत असतं. ईमॅक्स हा संपादक मजकूर एका सलग ॲरेत ठेवतो, पण कर्सर जिथे असेल तिथे मुद्दाम रिकामी फट सोडतो. अक्षर आलं की ते फटीत बसतं, बाकी काही हलत नाही. दूरवर जाऊन टाइप करू लागलं की मधला मजकूर फटीच्या पलीकडे सरकवला जातो. माणूस बहुतेक वेळ एकाच जागी लिहितो, हे ज्याने ओळखलं त्याला लिहिणाऱ्यांची पारख होती. दुसरी रचना मला त्याहूनही प्रिय आहे, ती पीस टेबलची. १९७४ च्या सुमारास झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांच्या ब्राव्हो संपादकात ती होती. उघडलेल्या फाइलचा मूळ मजकूर जसाच्या तसा राहतो, त्याला कुणी हात लावत नाही. नवीन टाइप केलेलं सगळं एका वेगळ्या बफरच्या शेवटी जमा होत जातं. कोणता तुकडा कुठून कुठपर्यंत घ्यायचा याची एक यादी असते, आणि ती यादी वाचत गेलं की आत्ताचा मजकूर मिळतो. पुसलेलं वाक्यसुद्धा मूळ जागी असतंच, फक्त यादीतून वगळलेलं. मागचा बदल रद्द करायचा तर यादी जुनी करायची. स्ट्रिंगचा ठामपणा आणि बफरचा मोकळेपणा इथे एकाच छताखाली नांदतात. व्हीएस कोड या कोड संपादकाने २०१८ मध्ये याच कल्पनेचं झाडासारखं रूप स्वीकारलं. त्याआधी तिथे प्रत्येक ओळीसाठी एक ऑब्जेक्ट असायचा. ३५ मेगाबाइटची, पण १ कोटी ३७ लाख ओळींची एक फाइल कुणीतरी उघडली आणि नुसत्या ओळींच्या ऑब्जेक्टनी सुमारे ६०० मेगाबाइट मेमरी घेतली. प्रत्येक गोष्टीला ऑब्जेक्ट द्यायचा मोह कुठे आवरायचा, हे शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

आणि आपली लिपी या सगळ्यात आली की गंमत वाढते. जावा ९ पासून स्ट्रिंग आणि बिल्डर दोन्ही आत बाइटचा ॲरे ठेवतात. मजकूर निव्वळ रोमन अक्षरांचा असेल तर अक्षराला एक बाइट पुरतो. त्यात एकच देवनागरी अक्षर अपेंड केलं, की अख्खा बफर फुगून प्रत्येक अक्षराला दोन बाइट देऊ लागतो, रोमन अक्षरांनासुद्धा. डीबगरमध्ये ‘नदी’ हा शब्द टाकून मी आतले आकडे पाहिले: ४०, ९, ३८, ९, ६४, ९. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना आकडे देणाऱ्या मानकात, देवनागरीचा पट्टा ज्या जागी आहे तिथे प्रत्येक चिन्हाच्या वरच्या बाइटमध्ये नऊच येतो. एक सोडून एक नऊ, पानभर. मराठी मजकूर मेमरीच्या उघड्या आकड्यांमध्येही लांबून ओळखू येतो, याचा मला उगाचच आनंद झाला. तोच बिल्डर उलटा केला की आनंद ओसरतो. रिव्हर्स मेथड इमोजीसारख्या जोडचिन्हांचे दोन भाग सांभाळून घेते, पण वेलांटी अक्षराची असते हे तिला कळत नाही. दुसरी वेलांटी सगळ्यात पुढे येते, धरायला अक्षर नसल्यामुळे ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते, आणि तिच्यामागे द आणि न. आणखी एक फसवी जागा आहे. बिल्डर तयार करतानाच त्याला सुरुवातीचं अक्षर म्हणून एकेरी अवतरणात ‘म’ दिला तर त्यात म येतच नाही. अक्षर गुपचूप आकडा होतं आणि २३५० जागांचा रिकामा बिल्डर हाती येतो. कंपायलर चकार शब्द काढत नाही.

‘स्त्री’ हा शब्द वाचणाऱ्याला एक अक्षर आहे. जावाची स्ट्रिंग त्याची लांबी सहा सांगते: स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी. यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत फाइलवर लिहिला तर १८ बाइट. स्विफ्ट या भाषेतली स्ट्रिंग वाचकाला दिसणारी अक्षरं मोजायचा प्रयत्न करते, पण तिथेही जोडाक्षरं बरीच वर्षं तुटत होती. हलन्ताने जोडलेली व्यंजनं एकत्र धरायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. तोवर नियमाप्रमाणे या एका अक्षराची तीन व्हायची. बिल्डरच्या शेवटचं अक्षर काढायची मेथड चालवली तर ‘स्त्री’ची ‘स्त्र’ उरते, पुन्हा चालवली तर लोंबता हलन्त. मोजमाप ज्या एककात होतं ते यंत्राच्या सोयीचं आहे, आणि आमच्या बफरला अक्षर कुठे सुरू होतं ते ठाऊक नाही. मला असा बिल्डर हवा आहे ज्याची लांबी, कापणं, उलटणं आणि मध्ये घालणं सगळं वाचकाच्या अक्षरात चालेल, आणि जो टू-स्ट्रिंग करताना अर्धवट तुटलेलं जोडाक्षर बाहेर जाऊ देणार नाही. सध्या मी त्यासाठी एक छोटा क्लास लिहायला घेतलाय. आत साधा स्ट्रिंगबिल्डर, बाजूला अक्षरांच्या सीमांची यादी. अपेंड जमतंय. इन्सर्ट अजून जमत नाही, कारण मध्येच एक हलन्त आला की पुढच्या-मागच्या सीमा पुन्हा शोधाव्या लागतात, आणि किती मागे जायचं हे अजून ठरत नाहीये.